देवदाराचा घाम

सून म्हणून मी या घरात आले तेव्हा मला पहिली गोष्ट शिकवली गेली ती स्वयंपाकातली नव्हती, मधाची होती. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला मधमाश्यांच्या पेट्यांपाशी नेऊन उभं केलं आणि सांगितलं, "सूनबाई, फुलांचा मध आपला. देवदाराचा मध माश्यांचा. तो काढायचा नाही, विकायचा तर नाहीच नाही. घरात औषधाला एक बरणी, बस्स."

मी मान डोलावली. नवी सून दुसरं काय डोलावणार?

आमचं घर उतारावर आहे. मागे देवदारांची राई, पुढे दगडी बांध. पेट्यांच्या दोन रांगा. वरची रांग देवदारांच्या सावलीत, खालची बांधाच्या आडोशाला. फुलांचे दिवस संपले की माश्या देवदाराकडे वळायच्या आणि तिथून दाट, काळपट मध आणायच्या. मामंजी म्हणायचे, तो देवदाराचा घाम. झाड उन्हात उभं राहून दमतं, घामेजतं, आणि माश्या तो घाम टिपून आणतात. त्यांनी सगळ्यात शेवटी आणलेलं सगळ्यात चांगलं ते त्यांच्याच तोंडी राहू द्यायचं, त्यावर त्यांनी थंडी काढायची. बाकीचे मधवाले थंडीच्या तोंडावर पेटी खरवडून रिकामी करतात आणि माश्यांना साखरेचं पाणी पाजतात. मामंजी त्यांना दरोडेखोर म्हणत. या एका गोष्टीसाठी आसपासचे लोक त्यांना फार मानत. माणूस असावा तर असा, म्हणत.

खरं सांगायचं तर मीही म्हणायचे. माणूस वाईट नव्हताच. वाईट माणसाचा राग करायला सोपं असतं.

आता देवदाराला घाम येतो का? मी मधवाल्याचीच लेक. माझ्या माहेरीही पेट्या होत्या, आणि माझ्या वडिलांनी मी परकर-पोलक्यात असतानाच मला फांदी वाकवून दाखवलं होतं. देवदाराच्या कोवळ्या फांदीवर, सालीच्याच रंगाचे, एकमेकांना खेटून बसलेले किडे असतात. मावा. भाजीवर पडतो तसलाच, फक्त अंगाने थोराड आणि रंगाने तपकिरी. सोंड सालीत खुपसून दिवसभर रस पितो आणि पचला नाही तेवढा मागून सोडतो. तो गोड चिकटा पानांवर पडतो, मुंग्या चाटतात, माश्या गोळा करतात. घाम कसला नि काय! माव्याचं मागचं पाणी ते.

एरवी त्याने काही बिघडत नाही. पेटीत फुलांचा मध बक्कळ असतो, त्यात हा थोडा मिसळतो, माश्यांची थंडी निघून जाते. पण एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, फुलं करपतात आणि मावा मात्र माजतो. मग पेटीत वरपासून खालपर्यंत नुसता काळा मध. तो माश्यांच्या पोटात पचत नाही, निम्मा गाळच असतो त्यात. उन्हाळा असेल तर बिचाऱ्या बाहेर जाऊन पोट मोकळं करून येतात. बर्फ पडल्यावर कुठे जाणार? माशी स्वतःच्या घरात घाण करत नाही. रोखून धरते, रोखून धरते आणि एक दिवस तिचा इलाज चालत नाही. पेटीत हगवण लागते आणि भरल्या घरात सगळ्या मरतात. एका थंडीत माझ्या वडिलांच्या सगळ्या पेट्या अशाच गेल्या. नंतर ते लाकूडकापीच्या कारखान्यात जायला लागले आणि मधाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

सांगायचं होतं ते हे की मला हे माहीत होतं.

गेल्या उन्हाळ्यात देवदारांची पानं दुपारची चकचकायला लागली. राईत गेलं की डोक्यावर काहीतरी बारीक बारीक पडायचं, पदर चिकट व्हायचा, चपला जमिनीला धरायच्या. फुलं तर आधीच वाळून गेली होती. मी एक फांदी तोडली आणि ओट्यावर बसलेल्या मामंजींसमोर धरली.

"मामंजी, बघा. यंदा मावा माजलाय. थंडीच्या आत काळा मध काढून घेऊ आणि साखरेचं पाणी देऊ. नाहीतर एक पेटी राहायची नाही."

मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. फांदी त्यांनी नाकापाशी नेली, फिरवली, बोटाने चाचपली.

"मला तर काही दिसत नाही."

"तुम्हाला दारातला माणूस दिसत नाही हल्ली, मावा कुठून दिसणार?"

हे मी बोलायला नको होतं. पण तोंडाला आवर घालणं मला कधी जमलं नाही. मामंजींनी फांदी खाली ठेवली.

"तुझ्या वडिलांनी पेट्या घालवल्या," ते म्हणाले. "त्यांचा धडा मला नको. चाळीस वर्षं मी माश्यांच्या तोंडचं काढलं नाही, आता म्हातारपणी काढू? आणि साखर? या घरात?"

झालं. विषय संपला.

तरी मी एवढी का मागे लागले होते, तेही सांगते. त्याच सुमारास भाऊजी आले होते. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, शहरात असतात. त्यांच्या डोक्यात खूळ होतं की पेट्या काढून टाकायच्या आणि बांधालगतच्या जागेवर सुट्टीला येणाऱ्या लोकांसाठी खोल्या बांधायच्या. "वहिनी, हवा विकायची, हवा! मधात काय आहे?" असं ते हसत हसत म्हणायचे. दोन दिवसांनी मामंजी जेवताना म्हणाले, "या थंडीतून पेट्या तगल्या तर राहतील. माझ्यानंतर त्या सूनबाईने बघायच्या, तिचा हात बरा आहे. नाही तगल्या तर तू तुझ्या खोल्या बांध."

तिचा हात बरा आहे! वीस-बावीस वर्षांत या माणसाने माझ्या कुठल्या गोष्टीला बरं म्हटलं होतं? हातातला घास हातातच राहिला माझ्या. घर त्यांचं, शेगडी अजूनही गेलेल्या सासूबाईंची, मुलं शिकून लांब गेलेली. या घरात मला माझं वाटणारं एकच काही होतं, त्या पेट्या. झाकण उघडल्यावर येणारा तो ऊबदार वास, त्या कधी खूश आहेत, कधी चिडल्या आहेत हे आवाजावरून कळणं, हे मला इथल्या कुणीच दिलेलं नव्हतं. ते मी माहेरून घेऊन आले होते. आणि आता ते माझ्या नावाने होणार होतं, थंडीतून निघालं तर.

त्याच थंडीच्या तोंडावर मामंजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. आधी एक डोळा, तो बरा झाला की दुसरा. तोवर भाऊजींकडेच राहायचं. मी त्यांची बॅग भरली, औषधं घातली, गाडीत बसवलं. गाडी वळणाआड गेली तशी मी पदर खोचला.

"अहो," मी नवऱ्याला म्हटलं, "साखर आणा. पोत्याने आणा."

आमचे हे म्हणजे देवमाणूस. सगळेच म्हणतात. कुणाला दुखवायचं नाही, कुणाला नाही म्हणायचं नाही. समोर जो उभा असेल त्याचं खरं. तेव्हा समोर मी उभी होते, म्हणून माझं खरं.

"आबांना काय सांगायचं?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. पेट्या जगल्यावर सांगू. जगलेल्या पेटीपुढे कोण काय बोलेल?"

"हां," हे म्हणाले, "ते मी सांगेन. योग्य वेळ बघून मीच सांगतो आबांना. तू मध्ये पडू नकोस, तुझं तोंड फटकळ."

आणि साखर आली. मी परातीएवढ्या पातेल्यात पाक करायचे, हे कोमट करून भांड्यांत भरायचे. पेटी उघडायची, धूर द्यायचा, काळ्या मधाने भरलेल्या पोळ्यांच्या चौकटी एकेक करून उचलायच्या. मध असा घट्ट बसला होता की चौकट उलटी केली तरी थेंब पडेना. त्या जागी रिकामी पोळी ठेवायची, वर पाकाचं भांडं. माश्या आधी कुरकुरल्या, मग लागल्या कामाला. आम्ही खालच्या रांगेपासून सुरुवात केली, कारण तिथे ऊन आधी येतं. काम हळू चालायचं, पण ते दिवस बरे होते. हे मला चौकटी देताना गाणं गुणगुणायचे. एकदा माझ्या गालाला पाक लागला तर यांनी बोटाने पुसून चाटला. या वयात! मी म्हटलं, कुणी बघेल. तर म्हणाले, माश्या बघतायत, त्या कुणाला सांगणार?

खालची रांग पुरी झाली. वरच्या रांगेला हात घालणार, तर दारात गाडी.

मामंजी एका डोळ्यावर हिरवी झापड लावून उतरले. धाकट्या सुनेशी टीव्हीच्या आवाजावरून वाजलं होतं. दुसरा डोळा नंतर बघू म्हणाले आणि सरळ निघून आले. मी पोती कोळशाच्या खोलीत ढकलली, काळ्या मधाच्या चौकटी माळ्यावर. वरची रांग राहिली ती राहिलीच. मी यांना डोळ्यांनी खुणावलं, की आता सांगा. यांनी मान हलवून खुणावलं, की आत्ता नको, आत्ताच तर आलेत.

मग बर्फ पडला.

त्या थंडीत मी रोज पेट्यांपाशी जायचे आणि कान लावायचे. खालच्या रांगेत एकसारखी गुणगुण, बारीक, जिवंत. वरच्या रांगेत आधी नुसता गलका ऐकू यायचा, कुणी आत तगमगतंय असा. मग एकेका पेटीतून तोही थांबला. बाहेरच्या फळ्यांवर तपकिरी ओघळ आले. बर्फावर ठिपके पडले. मला उघडून बघताही येत नव्हतं, कारण त्या थंडीत झाकण काढणं म्हणजे स्वतःच्या हाताने मारणं. मी लाकडावर हात ठेवून उभी राहायचे. घरात आले की मामंजी विचारायचे, "कशा आहेत?" आणि हे माझ्या आधी म्हणायचे, "आहेत आबा, बऱ्या आहेत."

थंडी मोडली. मधल्या काळात मामंजींचा दुसराही डोळा झाला होता. पेट्या उघडायच्या दिवशी भाऊजी मुद्दाम आले, कारण त्यांच्या खोल्यांचा निकाल होता ना. आम्ही सगळे वर गेलो.

वरच्या रांगेतली पहिली पेटी मामंजींनीच उघडली. मी जन्मात तसला वास घेतलेला नाही. आतलं सगळं बरबटलेलं, तळाला ओल्या माश्यांचा चिखल, आणि वर मात्र चौकटी काळ्या मधाने तुडुंब. अन्नावर बसून मेल्या होत्या. मामंजींनी दुसरी उघडली. तिसरी उघडली. सगळ्या तशाच. मग त्यांनी हातमोजा काढला आणि एक मेलेली माशी उचलून तळहातावर ठेवली.

"मी यांच्या तोंडचं काही काढलं नव्हतं," ते म्हणाले. "काही म्हणजे काही काढलं नव्हतं."

आणि रडले. मुलांसमोर, सुनेसमोर, उघड्यावर. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू? त्या क्षणी मला त्यांचा राग नव्हता.

खालची रांग उघडली तर माश्या झाकणाबरोबर वर आल्या. धडधाकट, तापट, भरपूर. मला एक डसलीही. इतकं बरं वाटलं मला त्या डंखाने.

घरी येऊन चहा ठेवला. मामंजी टेबलाशी बसले, समोर भाऊजी, बाजूला हे. मी कपबश्या मांडत होते. मामंजी यांच्याकडे बघून म्हणाले, "एक विचारतो, खरं सांग. मी नव्हतो तेव्हा खालच्या रांगेला साखर घातलीत?"

बाई गं! देव स्वतः पाट मांडून यांना बस म्हणत होता. योग्य वेळ योग्य वेळ म्हणतात ती आणखी कशी असते? हो म्हणायचं होतं फक्त. हो आबा, घातली, हिने सांगितलं म्हणून घातली, आणि बघा, जगल्या. एवढ्यावर पेट्या राहत होत्या.

यांनी वडिलांच्या तोंडाकडे बघितलं. डोळे अजून ओले होते त्यांचे. यांनी कपाची कड अंगठ्याने पुसली.

"नाही आबा," हे म्हणाले. "तुमचा नियम मोडू का आम्ही? खाली ऊन लागतं, आडोसा आहे, म्हणून वाचल्या असतील."

माझ्या हातून बशी सुटली. फुटली नाही, नुसतीच वाजली.

"खोटं!" मी ओरडले. "खोटं बोलताहेत हे! मी पाक केला, ह्यांनी भरला. पोती आहेत कोळशाच्या खोलीत, आणून टाकू समोर?"

"अगं, ती जुनी पोती," हे हळूच म्हणाले. माझ्याकडे बघेनात.

"जुनी? बरं. मग खालची एक चौकट आणा आणि चाखा. मामंजी, तुम्ही जन्मभर मध चाखलाय. एक बोट लावा. साखर आहे की देवदार, तुम्हीच सांगा, मी तोंड बंद करते."

भाऊजी उठलेसुद्धा. गंमत वाटत होती त्यांना. मामंजींनी हात वर केला.

"मला चाखायचं नाही," ते म्हणाले.

"का?"

"माझा मुलगा नाही म्हणतोय. पुरे." मग ते भाऊजींकडे वळले. "निम्म्या गेल्या, निम्म्या नशिबाने राहिल्या. उन्हाच्या नशिबावर पेट्या चालत नाहीत. माझा हात गेला आता. तू राहिलेल्या देऊन टाक आणि तुझं काय ते बांध."

भाऊजी म्हणाले, "वहिनी, असं मनाला लावून घेऊ नका. खोल्यांचं बघायला तुम्हीच तर लागणार." वर चहात साखर कमी आहे म्हणाले.

त्या दिवसापासून मी यांच्याशी बोलायचं सोडलं. यांनी मला दोनदा समजावलं. आबा रडले ग, तू बघितलंस ना, त्या वेळी कसं सांगणार होतो? मी म्हटलं, मी रडले असते तर? तर म्हणतात, तुझं वेगळं, तू खंबीर आहेस. असा संताप आला म्हणता! खंबीर म्हटलं की बायकोच्या डोक्यावर काहीही ठेवता येतं.

भाऊजी गेल्यावर एका सकाळी मी राईत गेले. कोवळ्या पालवीबरोबर मावा परत आला होता. मी एक फांदी तोडली, आणली आणि मामंजींच्या पुढ्यात ठेवली. ते ओट्यावर तिथेच बसले होते, मागच्या उन्हाळ्यात बसले होते तिथे. फक्त आता डोळे स्वच्छ होते.

"बघा," मी म्हटलं. "आता तर दिसतंय ना?"

मामंजींनी फांदी उचलली. उन्हात धरली. बराच वेळ बघत राहिले. एक मुंगी फांदीवरून चालत आली, एका किड्याच्या पाठीवर मिशांनी टकटक केली, किड्याने मागून एक थेंब सोडला, तो मुंगीने पिऊन टाकला. दुसरीही आली. मामंजी बघत होते.

"पाय आहेत यांना," ते म्हणाले.

मी ओट्याच्या पायरीवर टेकले.

"तिला मी चमच्याने भरवायचो," ते म्हणाले. तिला म्हणजे सासूबाईंना. त्या खोकल्याने गेल्या, मी नवी होते तेव्हा. शेवटी शेवटी काही पोटात जायचं नाही त्यांच्या, फक्त फळीवरच्या बरणीतला तो काळा मध जायचा. "मी म्हणायचो, देवदाराचा घाम आहे, घे, देवदारासारखी ताठ उभी राहशील. तिला चव आवडायची नाही. माझ्यासाठी घ्यायची. गेली त्या दिवशीसुद्धा ओठांना तोच होता. मी पुसला."

मला वाईट वाटलं. अजूनही वाटतं. पण माझंही काहीतरी मेलं होतंच की.

"खालची रांग साखरेवर जगली," ते पुढे म्हणाले. "मला वासावरूनच कळलं, झाकण काढल्या काढल्या. मला काय कळत नाही?"

"कळलं होतं?" मी विचारलं. "मग टेबलाशी का विचारलंत? आणि विचारलंत तर माझं का नाही ऐकलंत?"

"तो हो म्हणाला असता तर मी मान्य केलं असतं. मनाची तयारी केली होती मी. पण तो नाही म्हणाला. मग काय करायचं? धाकट्यासमोर थोरल्याला खोटारडा ठरवायचं?"

"आणि मी ठरले ती?"

मामंजींनी फांदी ओट्याच्या कडेला ठेवली. अगदी जपून, किडे चिरडणार नाहीत अशी.

"तू सूनबाई आहेस," ते म्हणाले. समजुतीच्या सुरात म्हणाले, जणू हे मला माहीत नव्हतं आणि सांगितल्यावर बरं वाटणार होतं.

पेट्या गेल्या. एक मधवाला टेम्पो घेऊन आला, मामंजी ज्याला दरोडेखोर म्हणायचे त्यांच्यातलाच एक. त्याने एक चौकट उचलली, बोट लावून चाखलं आणि यांना म्हणाला, "व्वा, यंदा पाक वेळेवर दिलात, म्हणून वाचल्या. नाहीतर सगळीकडे वाट लागलीय." त्याचं बोलणं मला ऐकू आलं की काय म्हणून यांनी मागे वळून बघितलं. मला ऐकू आलं होतं. टेम्पो वळणावर गेला तरी दोन-चार माश्या बांधाशी घोटाळत राहिल्या. बाहेर गेलेल्या असतील, परत आल्या तर घरच नाही. संध्याकाळपर्यंत त्या जागच्या जागी घिरट्या घालत होत्या. दुसऱ्या दिवशी दिसल्या नाहीत.

बांधालगत आता खोल्या झाल्या आहेत. माणसं येतात, गाड्या देवदारांखाली लावतात, आणि सकाळी उठून बघतात तर काचा चिकट. मग मला हाक मारतात. मी बादली आणि फडकं घेऊन जाते आणि गरम पाण्याने पुसून देते. मावा हल्ली फार, आणि थेंब टिपायला आमची एक माशी नाही, सगळं गाड्यांवरच पडतं. कुणी विचारलं की हे काय पडतं हो वरून, तर मामंजी ओट्यावरून सांगतात, "देवदाराचा घाम." लोकांना फार आवडतं ते. तळहात पुढे करून उभे राहतात, थेंब झेलतात, फोटो काढतात. मी काच पुसत असते. मामंजी माझ्याकडे बघत नाहीत.

मागच्या आठवड्यात मला खोकला झाला. गरम-गार पाण्यात हात, दुसरं काय? रात्रीची जेवणं झाली होती, हे टेबलाशी बसले होते, मी ताटं आवरत होते आणि खोकत होते. मामंजी उठले. फळीवरची ती बरणी स्वतःच्या हाताने काढली. वरच्या रांगेतल्या मेलेल्या पेट्यांमधला काळा मध त्यांनी टाकू दिला नव्हता, वितळवून त्यात भरून ठेवला होता. चमचा भरला आणि माझ्यासमोर धरला.

"घे, सूनबाई."

मी चमच्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. दोन्ही डोळे स्वच्छ होते.

"काय आहे हे, मामंजी?" मी विचारलं. "नाव सांगा. मग घेते."

चमच्यातून एक जाडसर थेंब टेबलावर पडला. ते तोंड उघडतील असं मला एक क्षण वाटलं. खरंच वाटलं. त्या एका शब्दासाठी मी तो अख्खा चमचा गिळला असता.

"अगं, देवदाराचा घाम," हे मध्येच हसून म्हणाले. "असं काय विचारतेस? नवीन आहेस का या घरात?"

मामंजींनी मान खाली घातली.

मी त्यांच्या हातातून चमचा घेतला, बरणीत उलटा केला, निथळू दिला आणि झाकण घट्ट लावलं. टेबलावरचा थेंब फडक्याने पुसला. चिकटा होता, एका फटक्यात निघाला नाही. मग खोकत खोकत ताटं घासायला गेले.